पडवीतला भात

मामानं मला ज्या जागी आणून सोडलं ती खरं तर खोली नव्हती, पडवी होती. एका अंगाला मूळ घराची भिंत, दोन अंगांना कारवीच्या काड्यांवर शेणमाती लिंपलेल्या बुटक्या भिंती, आणि पुढं बांबूचं एक दार. ते लावलं काय नि न लावलं काय, कोंबड्या आत यायच्याच. डहाणूकडचं रानशेत गाव ओलांडून डोंगराच्या अंगाला गेलं की लागणाऱ्या एका पाड्यावरचं ते घर. मामा तलासरीला रस्त्याच्या कामावर गाडी चालवायचा. खडी टाकायची, मुरूम टाकायचा, झोपायचं गाडीतच. तिथं गड्यामाणसांच्या तंबूंत पोरीला ठेवायची कशी, म्हणून त्यानं ही पडवी भाड्यानं घेतली. कोपऱ्यात तीन दगडांची चूल मांडून दिली, एक पिशवी तांदूळ, एक पिशवी पीठ, आणि सोबतीला म्हणून त्याचा सेलवर चालणारा रेडिओ. दर आठवड्याला येतो म्हणाला. पहिल्या आठवड्याला आला, नंतर पंधरवड्यानं आला, आणि पाऊस ओसरल्यावर काम जोरात सुरू झालं तशी त्याची गाडी वापीच्या पुढं कुठंतरी जायला लागली. मामाला भाकरी करून घालायला म्हणून मी आले होते, आणि मामाच नव्हता.

मला तेव्हा चौदावं लागलं होतं. सहावीतनं शाळा सुटली ती सुटलीच. आई गेली, वडील कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीत गेले, आणि मंगळवेढ्याकडच्या आमच्या त्या काळ्या रानात मला सांभाळणारं कुणी उरलं नाही. मामा म्हणाला, चल. मी निघाले. वाटेत किती गाड्या बदलल्या ते आठवत नाही, पण डोंगर जवळ यायला लागले, झाडं दाट व्हायला लागली, तशी मी मामाची बाही घट्ट धरली ते मात्र अजून आठवतं. आमच्याकडं नजर टाकली की जमीन संपतच नाही. इथं नजर दहा पावलांवर अडत होती. कुणी येत असेल तर ते जवळ आल्यावरच कळायचं. मी सारखी दाराकडं बघत बसायची.

घरात चार माणसं. देवजीबाबा म्हातारे, काटकुळे, बोलताना समोरच्याकडं न बघता डोंगराकडं बघायचे. त्यांची बायको, तिला सगळे आयस म्हणायचे. आयस म्हणजे आई, हे मला नंतर कळलं, तोवर मला ते तिचं नावच वाटत होतं आणि मीही आयसच म्हणत होते. मुलगा रमण, आणि त्याची बायको सकू. सकू कैनाड गावची, माझ्याहून थोडीच मोठी, तोंडाची फटकळ. मला भागी या माझ्या नावानं सकूच हाक मारायची. बाकीच्यांना मी पोशी, म्हणजे पोरगी. त्यांचं आपसातलं बोलणं मला निम्मंही कळायचं नाही. माझ्याशी बोलताना ती माणसं बाजारात बोलतात तशी मराठी काढायची, सणाला ठेवणीतलं लुगडं काढावं तशी, आणि माझ्याशी बोलून झालं की परत आपल्या बोलीत जायची. त्या परत जाण्याचं मला फार वाटायचं. दार लावून घेतल्यासारखं.

वाईट वागत नव्हती हं कुणी. उलट ज्या इतक्या लोकांनी मला जन्मभर सांभाळून घेतलं, त्यांची मोजणी त्या घरापासून सुरू करावी लागेल. आयस रोज सकाळी पडवीच्या तोंडाशी यायची, आत न येता विचारायची, "पोशी, जेवलीस का?" सकाळी सकाळी हे काय विचारणं, म्हणून मी आधी हसायची. मग कळलं की खुशाली विचारायची ती तिची रीत होती. कधी नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील द्यायची, कधी भाजलेलं सुकट. मला नागलीची भाकरी गिळवायची नाही. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेलं तोंड. त्या तांबड्या भाकरीचा घास घशात फिरत राहायचा आणि का कुणास ठाऊक, रडू यायचं. माझी भाकरी बघून सकू म्हणायची, "ही भाकर हाय का कौल? पावसात वर चढवू काय?" मी हसायची. सकू टोमणा मारायची म्हणजे निदान माझ्याशी बोलायची.

त्या घरात उंबऱ्याला मोठा मान होता. पडवीतून आत जायला एक दार होतं, आणि त्या दारापलीकडं, आतल्या अंधाऱ्या भागात भाताची कणगी आणि तिच्याजवळ टोपलीत त्यांचे देव. तिथं मी गेले नाही. जाऊ नको असं कुणी म्हणालं नव्हतं, पण मला कुणी ये असंही म्हणालं नव्हतं, आणि परक्या ठिकाणी माणसानं न सांगितलेलंही ऐकायचं असतं हे मी लवकर शिकले. तिन्हीसांजेला आत चौघांचं बोलणं, भांड्यांचे आवाज, बाबांचा खोकला. भिंतीच्या अलीकडं माझी चूल आणि मी. रेडिओ लावायची. मुंबईचं लागायचं, गुजराती लागायचं, मधेच समुद्रासारखी नुसती खरखर लागायची. समुद्र मी एकदाच पाहिला होता, मामानं डहाणूला नेलं तेव्हा, आणि मला तो आवडला नव्हता. इतकं पाणी, आणि एक घोट पिता येत नाही.

दसरा झाला आणि भात कापणीला आला. मी पण विळा घेतला. काम हातात असलं की मला बरं वाटायचं. नुसतं बसलं की मामा येणार नाही, मामाला काही झालं असेल, हे विचार यायचे. भात कापून, मूठ मूठ वावरातच पसरून ठेवायचा, दोन-चार उन्हं खाऊ द्यायची, मग भारे बांधून खळ्यावर आणायचे आणि झोडायचे. सकू माझ्या पुढं चालायची, मागं वळून म्हणायची, "तुमच्याकडं माणसं विळा धरतात का पेन?" मी म्हणायची, आमच्याकडं ज्वारी उपटतात. तिला वाटायचं मी थापा मारते. दुपारी बांधावर बसून भाकरी खायची आणि बाबा बोलायला लागायचे. बाबांच्या बोलण्यात साल नसायचं, वादळ असायचं. ते लहान असताना अशाच दिवसांत, पाऊस निघून गेल्यावर, एक वादळ आलं होतं. त्यात किनाऱ्याकडच्या ताडांची डोकी गेली आणि बरेच दिवस नुसते खांब उभे होते. मग एक, ज्यात त्यांच्या बापाच्या घराचं गवती छप्पर उडून नदीपलीकडं पडलं, आणि तिकडच्या माणसानं ते परत द्यायच्या आधी त्याखाली म्हैस बांधली. रमण जन्मला ते वादळ वेगळं, त्यात नागली उभी झोपली. आयसचं लग्न झालं त्याच्या आदल्या वर्षीच्या वादळात डहाणूकडच्या एका वाडीत चिकूच्या झाडाला होडी अडकलेली सापडली म्हणे. ही सगळी वादळं शेवटाला आलेली, सुरुवातीच्या पावसात नाही. बाबा म्हणायचे, येतो तो पाऊस ओळखीचा असतो. गेलेला पाऊस परत वळला की तो कोण म्हणून येईल ते सांगता येत नाही.

आता त्या घराची एक चाल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. नवा भात देवाला दाखवल्याशिवाय त्यांच्या घरात यायचा नाही. खायचा नाही हे तर आहेच. पण उंबऱ्याच्या आतही यायचा नाही. भगत यायचा, खळ्यावर पूजा करायचा, कोंबडं द्यायचा, मग पहिली टोपली आत जायची, आणि मग घरची माणसं एका ओळीत बसून नवं खायची. त्या वर्षी त्यांचा भगत तलासरीकडं कुणाच्या तरी कामाला गेला होता. येईल म्हणाले. घाई कुणालाच नव्हती. ऊन चांगलं होतं.

घाई मलाच होती, आणि तिचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. सकूच्या बोलण्यात एकदा आलं होतं की मागं एका वर्षी भात कमी पिकला तेव्हा दिवाळीनंतर सगळेच जगायला गेले होते. जगायला जाणं हा इकडचा शब्द. वसई-भिवंडीकडं वीटभट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. दाराला काटेरी फांदी लावून निघायचं. आयस, बाबासुद्धा गेले होते. हे तिनं अगदी सहज सांगितलं, डोक्यावरचा भारा सावरत. मी तेव्हापासून वावरातला प्रत्येक भारा बघत होते. कणगी भरली तर म्हातारा-म्हातारी तरी घरी राहणार. नाही भरली तर त्या डोंगराखाली, दाराला काटे लावलेल्या घराच्या पडवीत, मी आणि रेडिओ. मामाचा पत्ता नाही, परत जायला गाव नाही. मला रात्री झोप लागायची नाही ती यानं.

मग एके दिवशी रेडिओवर बातम्यांत ते आलं. अरबी समुद्रात वादळ तयार झालं आहे, उत्तर कोकणात मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. बाई मोठ्या शांतपणानं वाचत होती. मी रेडिओ उचलून तसाच अंगणात नेला, बाबांना ऐकवला. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग डोंगराकडं बघत म्हणाले, "आपल्याकडं होडी हाय का?"

रमण हसला. सकू म्हणाली, भागीच्या पडवीत असेल बघा, कोंबड्यांखाली. सगळे हसले, मीही हसले. त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. सांगणारी बाई मच्छीमारांना सांगत होती. ज्याचा निरोप त्यानं घ्यावा. त्या घरात दुसऱ्याच्या निरोपात कान घालत नसत. आणि वर आभाळ असं निळं, की डोळे दुखावेत. दुसऱ्या दिवशी मी परत विचारलं, भारे तरी बांधून ठेवूया का. रमण म्हणाला, ओला बांधला तर कुजेल, अजून एक ऊन लागू दे. तेही खरंच होतं. मी त्यांना काय शिकवणार? भात मी त्या वर्षी पहिल्यांदा हातात धरला होता. मला काही कळत होतं असं नाही. मला फक्त भीती वाटत होती, आणि भीती मला तशीही रोजच वाटायची.

आज नातीच्या मोबाईलवर असे इशारे सारखे येतात. आशागडच्या घरात बसून ती मला वाचून दाखवते, पिवळा आहे, नारिंगी आहे, विजांसह आहे, कापलेलं पीक झाकून ठेवा. शेतकऱ्यांसाठी वेगळी ओळ असते आता. ती ओळ आली की मी तिला परत वाचायला लावते. ती म्हणते, आजी, आपलं कुठं शेत आहे? बरोबर आहे तिचं. तरी मी उठून दोरीवरचे कपडे आत आणते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन होतं, पण पिवळं. वारा पडलेला. अंग चिकट झालं होतं. न्याहारीच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ असं वर आलं, जसं कुणी काळं घोंगडं खेचत आणावं. पहिली झुळूक आली आणि तिच्यात ओल्या मातीचा वास होता. खरं सांगते, पहिल्या क्षणाला मला आनंदच झाला. आमच्याकडं त्या दिवसांत असं आभाळ आलं तर माणसं रानात उभी राहून वर बघतात. त्या एका पावसावर ज्वारी पेरायची असते. माझे वडील अशा वासाला टोपी काढायचे. तो वास आला आणि मला वाटलं, घरून कुणीतरी आलं. मग सकू ओरडली आणि सगळे वावराकडं पळाले.

वारा असा होता की पसरलेला भात मुठीमुठीनं उडत बांधाला जाऊन चिकटत होता. आम्ही पाचही जण मिळेल तेवढा कवळ्यात घेत होतो, दोर आणायला वेळ नव्हता, सकूनं पदर फाडून भारे बांधायला पट्ट्या केल्या. मग थेंब आले, जाड, तिरपे, खडे मारावेत तसे. पहिले भारे खळ्यावर नेले तर खळ्याचं नुकतं सारवलेलं अंगण चिखल होऊन वाहत होतं आणि वरचा मांडव आमच्यादेखत उठला आणि सागाच्या झाडावर जाऊन बसला. गोठ्यात नेले, तर गोठ्यातून ओढ्यासारखं पाणी चाललेलं. बाबा डोक्यावर भारा घेऊन घराच्या दारात येऊन उभे राहिले. भाऱ्यातलं पाणी त्यांच्या तोंडावरून गळत होतं. पुढं उंबरा. ते थांबले. त्यांच्या मागं रमण, मागं सकू, मागं मी, सगळे डोक्यावर भारे घेऊन त्या पावसात रांगेत उभे, आणि पुढचा माणूस आत जात नव्हता.

रमण म्हणाला, बास, जा आत, देव काय आंधळे आहेत का, पाऊस त्यांना दिसत नाही का. बाबा हलले नाहीत. म्हणाले, माझ्या बापानं छप्पर उडालं तेव्हाही नेला नव्हता. रमण काहीतरी जोरात बोलला, त्यांच्या बोलीत, आणि बाबांनीही उत्तर दिलं, आणि मला कळलं की हे भांडण आता भातापुरतं राहणार नाही. आयस आमच्या पुढं होऊन आत गेली होती, ती तेवढ्यात बाहेर आली. तिनं बाबांकडं पाहिलं, रमणकडं पाहिलं, आणि पडवीकडं बोट केलं.

"पोशीच्या तिथं टाका."

"पडवी आपल्याच घराची हाय," बाबा म्हणाले.

"चूल तिची हाय. आपले देव त्या चुलीला ओळखत नाहीत."

बाबांनी डोक्यावरचा भारा सावरला. पाऊस पडत होता. वारा कौलं वाजवत होता. मग ते म्हणाले, हे आपण बोलून चालायचं नाही, आपण आपल्या सोयीचं बोलतो हे देवांना माहीत असतं. तिनं सांगायला पाहिजे. आणि डोंगराकडं न बघता पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्याकडं बघितलं.

"पोशी, ती चूल कोणाची?"

मी म्हणाले, मामाची.

"मामा आमचा कोण?"

मी म्हणाले, कुणी नाही.

"आन् तू?"

इतके महिने मी त्या भिंतीच्या अलीकडं बसून जे मनात आणत होते, ते याच्या अगदी उलटं होतं. सकूनं एक टोमणा मारला तरी मी तो दिवसभर पुरवून वापरत होते. आयसच्या एका आंबिलीच्या वाटीवरून मी मनात काय काय रचलं होतं, ते आता या वयात लिहायलाही लाज वाटते. माझ्या डोक्यावरचा भारा जड होत चालला होता. मी म्हणाले, "मी पण तुमची कुणी नाही."

"मोठ्यानं बोल," बाबा म्हणाले. "वारा हाय. आत ऐकू जायला पाहिजे."

मी उंबऱ्याशी गेले, आतल्या अंधाराकडं तोंड केलं आणि ओरडून सांगितलं, मी यांची कुणी नाही. मी परकी आहे. चूल माझी आहे. आवाज फाटला. बाबांनी मान हलवली आणि भारा घेऊन माझ्या पडवीत शिरले.

मग भारे येतच राहिले. अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात गेलं, पिठाची पिशवी खुंटीला गेली, आणि पडवी खालपासून वरपर्यंत भातानं भरली. आढ्याला दोर बांधून त्यावर मुठी टांगल्या. खाली चटईवर पातळ पसरलं. मधोमध माझी चूल, तिच्यात बारीक जाळ आणि भरपूर धूर. भाताचा ढीग ओला राहिला की आतून तापतो, हात घातला की भाकरीसारखा गरम लागतो, आणि मग त्याला मोड येतात. म्हणून तो सारखा उलटायचा. पाऊस दोन दिवस थांबला नाही आणि आम्ही तो उलटत राहिलो. सकू आणि मी आळीपाळीनं. धुरानं डोळे लाल. सकू म्हणाली, "भागे, आता तुला नवरा बघायला नको. ह्या भातासंगंच तू झोपलीस." आम्ही दोघी इतक्या हसलो की आयसनं पलीकडून विचारलं काय झालं. ते दोन दिवस त्या घरातलं माणूस सारखं माझ्या पडवीत होतं. कुणी जळण आणत होतं, कुणी ढीग चाचपत होतं, बाबा येऊन भाताचा एक दाणा दाताखाली धरायचे आणि जायचे. माझ्या घरात इतकी माणसं कधीच आली नव्हती. आणि मी सारखी स्वतःला सांगत होते की ती भाताकडं येत आहेत.

वादळ गेलं त्या सकाळी असं ऊन पडलं की जणू काही झालंच नाही. वावरात राहिलेला भात पाण्याखाली होता. वर काढला तर लोंब्यांना पांढरे मोड आलेले, नुकत्या जन्मलेल्या पिल्लांच्या पायांसारखे. निम्म्याहून थोडं कमी गेलं होतं. आजूबाजूच्या पाड्यांत तर बऱ्याच घरांचं सगळंच गेलं. रमण बाजारात जाऊन आला आणि सांगत होता की डहाणूच्या किनाऱ्यावर होड्या आधीच वर ओढून ठेवल्या होत्या, कोळी लोक घरात बसून होते, कुणाला काही झालं नाही. बाबा ऐकून म्हणाले, बरं झालं. मग उठून ते परत वावरात गेले.

मधेच एक दिवस मामा आला. रस्ते वाहून गेले म्हणून अडकला होता. दारात उभा राहून आत बघत राहिला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाला, मी तुझ्यासाठी खोली घेतली होती का गोदाम? मी त्याला भाकरी करून वाढली. ती त्यानं अंगणात बसून खाल्ली, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी परत गेला. मला बरोबर नेलं नाही, आणि मी ने असंही म्हणाले नाही. तो ठेवणार तरी कुठं मला?

भगत आला. खळं परत सारवलं, पूजा झाली, आणि माझ्या पडवीतला भात झोडून, पाखडून, टोपल्या टोपल्यांनी उंबऱ्याच्या आत गेला. मी बाजूला उभी राहून बघत होते. पडवी रिकामी झाली, तेव्हा ती आधीपेक्षा मोठी वाटली. दुपारी नवं खायला घरची माणसं आत ओळीत बसली. मला हाक आली नाही. येणारच नव्हती; मी देवासमोर ओरडून सांगितलं होतं. नव्या भाताच्या ओळीत घरचंच माणूस बसतं, आणि मी घरची नाही हे आता नुसतं माहीत नव्हतं, तर सांगितलेलं होतं. त्यांचं जेवण उरकल्यावर आयसनं पानात भात आणि उडदाची डाळ आणून दिली, उंबऱ्यावरून हात लांब करून. तिला माझ्याकडं बघवलं नाही. भात गरम होता, त्याला धुराचा वास येत होता. फार चांगला होता. मी सगळा खाल्ला.

दिवाळीनंतर रमण आणि सकू जगायला गेले. भात चौघांना पुरणार नव्हता, दोघांना पुरणार होता. म्हणजे मला जे हवं होतं तेच झालं, आणि तरी सकू डोक्यावर बोचकं घेऊन वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मला आनंद झाला नाही. जाताना तिनं सांगितलं, आयसला अंधार पडल्यावर नीट दिसत नाही, चुलीवरचं भांडं उतरवताना भाजून घेते, लक्ष ठेव. मी हो म्हणाले, पण लक्ष ठेवणार कसं? आयसची चूल उंबऱ्याच्या आत होती.

नंतरचे काही दिवस ते घर इतकं शांत झालं की भिंतीपलीकडं बाबा पाणी प्यायले तर घोट ऐकू यायचा. दोन माणसांचं बोलणं किती असणार. मी रेडिओही लावत नव्हते. सेल संपत आले होते. तिन्हीसांजेला आत एक चूल पेटायची, बाहेर एक. एकदा आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि आयसचा आवाज आला, मोठा नाही, दातात धरलेला. मी उठून उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथंच उभी राहिले. आत बाबा काहीतरी पुटपुटत होते. मी हाक मारली. आतलं पुटपुटणं तसंच चालू राहिलं. मी परत येऊन बसले आणि त्या रात्री मला माझाच फार राग आला, आणि बोलून बसलेल्या शब्दांचा, आणि सगळ्यांचाच.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आयस तिचं भाताचं भांडं घेऊन पडवीत आली. एका हाताला तिनं कसलातरी पाला बांधला होता. तिनं काही विचारलं नाही. भांडं माझ्या चुलीवर ठेवलं, खाली बसली आणि म्हणाली, "दोन चुली कशाला जाळायच्या?" मी जाळ पुढं सारला. तांदूळ शिजायला लागला. आत बाबा खोकले, मग आतली हालचाल ऐकू आली. आयस चुलीकडं बघत राहिली. मी भांडं उतरवलं, उडदाची डाळ गरम केली. माझ्याजवळ ताटं दोनच होती, एक माझं आणि एक मामाचं. ती दोन्ही मांडली आणि माझ्यासाठी परात घेतली.

मग उंबऱ्यात सावली पडली. बाबा पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. उंबरा ओलांडून ते पडवीत आले, तांब्या खाली ठेवला, मामाच्या ताटासमोर मांडी घालून बसले आणि बाहेर डोंगराकडं बघत म्हणाले, "वाढ."